योगराज जेवून गेला

"तुमचे भाऊ बरे आहेत ना, ताई?"

मोहिनी स्कूटीला किल्ली लावत होती. प्रश्न इतका सहज आला की तिने मान वर न करताच म्हटलं, "बरे आहेत." आणि मग किल्ली फिरवायची राहूनच गेली. विचारणारा अभिमन. अपार्टमेंटचा जुना वॉचमन, साक्रीकडचा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आई अंथरुणाला खिळली म्हणून गावी गेला, तो आत्ता कुठे, या सोमवारी, परत कामावर आला होता. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. सांगायचं कुणी आणि कशासाठी? तो आपला गेटजवळच्या खुर्चीत बसून, जुनी ओळख पुन्हा चालू करावी तसा बोलत होता. "नाही, त्यांचा चेहरा लक्षात राहिला म्हणून विचारलं. मी गावी गेलो त्याच्या आदल्याच दिवसाची गोष्ट. काय ऊन होतं ताई त्या दिवशी! हे इथं खाली जिन्यात बसले होते, पाऊण तास तरी. मी म्हटलं, वर जा ना, पंख्याखाली बसा. तर म्हणे, अक्काकडे मोठे पाहुणे आहेत, आपला खोळंबा नको. तुमचे साहेब पाहुण्यांना घेऊन आले ना, तर हे उठून खांबामागे सरकले. मला हसून म्हणतात कसे, माझे कपडे चिकाचे आहेत, दादा. माझ्या माठातलं दोन तांबे पाणी प्याले. कोणाशी तरी फोनवर बोलले, हसले, आणि गेले मग. चांगला माणूस. आता आले की सांगा, अभिमनने आठवण काढली."

"सांगते," मोहिनी म्हणाली.

मेहरूणच्या तलावाला वळसा घालून दवाखान्याकडे जाताना तिला वाटत राहिलं की आपण काहीतरी घरी विसरलो आहोत. डबा पायाशी होता, पर्स खांद्याला होती, गॅस बंद केल्याचं आठवत होतं. जानेवारीतला गारठा अजून पाण्यावर होता, काठाने म्हातारी माणसं कानटोप्या घालून चालत होती. बरे आहेत. सांगते. दोन उत्तरं तिने दिली होती आणि ती दोन्ही तिच्या तोंडून इतकी सुरळीत आली होती, की दोन वर्षं ती जिभेखालीच ठेवलेली असावीत. डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासायचं तिचं काम. अंधाऱ्या खोलीत समोरच्या माणसाच्या नाकावर जड चौकट चढवायची, एकेक काच बदलायची आणि विचारत राहायचं, आता स्पष्ट दिसतं? की आधीचं बरं होतं? त्या दिवशी सकाळी एका बाईंना तिने तीच काच तीनदा घातली. बाई म्हणाल्या, "अहो, हे मघाचंच आहे." मोहिनीने माफी मागितली, काच काढली, आणि हातात धरून तशीच बसली. खांबामागे सरकले. तिच्या डोळ्यांसमोर दोन वर्षं जे चित्र होतं ते दारापाशी संपत होतं. तिने दार लावलं, तो जिना उतरला, मोटारसायकल सुरू झाली, संपलं. मोटारसायकलचा आवाज तर तिने ऐकला होता, अशी तिची खात्री होती. म्हणजे तो आवाज दुसऱ्याच कुणाचा होता. ती वर वाढत होती तेव्हा तो तीन मजले खाली बसलेला होता. तो सगळा वेळ, ती नको नको म्हणणाऱ्या पाहुण्यांना आग्रह करत असताना.

योगराज, तिचा भाऊ, तिच्याहून आठ वर्षांनी लहान. लताबाई, तिची आई, शेतात गेली की तो मोहिनीच्या कडेवर असायचा, इतका की तिची डावी बाजू उजवीपेक्षा किंचित वाकली आहे असं तिला अजून वाटतं. असोद्याच्या शाळेत ती चौथीत असताना तो तिच्या शेजारी बस्करावर बसून पाटी चाटायचा. पुढे ती शिकायला जळगावला हॉस्टेलवर निघाली तेव्हा हा दहा वर्षांचा. एसटीत मागच्या बाकाखाली लपून बसला होता. रेल्वे गेटापाशी बस थांबली तेव्हा कंडक्टरने त्याला मानगूट धरून बाहेर काढला, तर हा म्हणतो, "मी अक्काले पोचवाले आलो." सगळी बस हसली होती. सहा-सात किलोमीटरचा रस्ता, त्यात काय पोचवायचं. पण तिला पोचवून, हॉस्टेलच्या फाटकाला हात लावून, परतीच्या बसने तो एकटा गेला. ती मात्र फाटकाच्या आत गेली ती गेलीच. शिक्षण, नोकरी, मेहरूणमधला फ्लॅट, नवरा हितेंद्र, त्याच्या कंपनीतली माणसं. गावाकडचं बोलणं तिने जाणूनबुजून टाकलं नव्हतं, पण एकदा हितेंद्रच्या मित्राच्या बायकोने 'कशाला'साठीचा तिचा 'काहाले' हा शब्द कौतुकाने दोनदा म्हणून पाहिला, तेव्हापासून तो तिच्या तोंडी आला नाही.

योगराजला शेतीत कुणी ढकललं नव्हतं. बारावीला त्याला चांगले मार्क होते. आबा, त्यांचे वडील, गेले त्या वर्षी हितेंद्रने ओळखीने त्याला एमआयडीसीतल्या एका गोदामात लावून दिलं. आठव्या दिवशी तो बॅग घेऊन मेहरूणला आला. "तिथं दिवसच कळत नाही गं अक्का. आत दिवसभर ट्यूबलाइट, आणि बाहेर यावं तर अंधार. दुपार कुठं जाते?" दुपार कुठं जाते म्हणून नोकरी सोडणारा माणूस हितेंद्रने पहिल्यांदाच पाहिला होता. तो चार दिवस चिडला, मग हसला. आणि योगराजने नाल्याकाठच्या साडेतीन एकरांत केळी लावली. आबांच्या हातून केळी दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्याच्या तडाख्यात सापडायची. वैशाखातला तो पश्चिमेचा गरम वारा पानांच्या चिंध्या करायचा, घड करपायचे. योगराजने पश्चिमेच्या बांधाला शेवरीची दाट भिंत उभी केली. ती वाढेपर्यंत जुन्या साड्या शिवून त्यांचा पडदा बांधला. आईच्या, चुलतीच्या, मोहिनीच्यासुद्धा. बागेतल्या दोन खुंटांमध्ये तार ताणून तिला त्याने एक थर्मामीटर टांगलं होतं. मे महिन्यात भर दुपारी त्याचा फोन यायचा. "अक्का, तुमच्या मेहरूणात किती?" ती मोबाईलवर बघून सांगायची, पंचेचाळीस. "आमच्या बागेत एकोणचाळीस," तो म्हणायचा, जणू ते सहा अंश त्याने स्वतः हाताने बाहेर काढून टाकले होते. त्याचा माल दोन वर्षं परदेशी गेला. एका मेळाव्यात त्याला बोलायला उभं केलं तर तो चार वाक्यं बोलून, "बाकी बागेत या, दाखवतो," म्हणून खाली बसला. लोक खरोखरच गेले, आणि त्याने दाखवलं. सव्विसाव्या वर्षी धरणगावकडची दीपमाला करून आणली. तिचं बोलणं वेगळं, बोलताना 'आहे'ला 'शे' आणि 'ते'ला 'त्या' म्हणायची, सगळ्याला 'बठ्ठं' म्हणायची, आणि लताबाईंना ते फार विनोदी वाटायचं. योगराज मग मुद्दाम तिच्यासारखं बोलून आईला उत्तरं द्यायचा. संसार झाला तो चौदा महिने. मोहिनीने एकदा मोजले होते, नंतर मोजायचं टाळलं.

तो गेल्यावर अपार्टमेंटमधल्या बायका भेटायला आल्या. बसल्या, पदर सारखे केले, आणि मग आवाज खाली आणून एकीने विचारलं, "कर्ज होतं का हो?" "नाही," मोहिनी म्हणाली, "ऊन लागलं." बाईंनी पुन्हा पदर सारखा केला. मोहिनीला त्या वेळी स्पष्ट जाणवलं की उत्तर कमी पडलं. एवढा सत्तावीस वर्षांचा माणूस, आणि नुसतं ऊन? कुणाचं काही देणं नाही, कुणाशी भांडण नाही, बाग उभी, माल तयार, बायको घरी, आणि ऊन. तिलाही आत कुठेतरी ते पुरत नव्हतं. पण तिला न पुरण्याचं कारण वेगळं होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. हितेंद्रलाही नाही.

तो रविवार होता. हितेंद्रचे नवे साहेब नाशिकहून बदलून आले होते, ते बायकोसह जेवायला यायचे होते. हितेंद्र त्यांना आणायला गेला होता. साडेबाराला बेल वाजली तेव्हा तिला वाटलं तेच लवकर आले, म्हणून पदर नीट करत, चेहरा तयार करत तिने दार उघडलं, तर योगराज. ठिबकच्या फिल्टरची जाळी फाटली होती, ती घ्यायला तो शहरात आला होता. ती जाळी कागदात गुंडाळून काखेत होती. शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग, जे कधीच धुतले जात नाहीत. पायांत माती. तिच्या चेहऱ्यावरचं तयार केलेलं हसू उतरायला एक क्षण लागला, आणि तो क्षण त्याने पाहिला असणार. "पाच मिनिटं बसतो गं अक्का," तो म्हणाला. "डोकं जड झालंय." ती दारातच उभी होती. मागे नुकती पुसलेली फरशी होती, टेबलावर नवे ग्लास होते, आणि तिला खरोखर फक्त फरशीच दिसली. "अरे, आज ह्यांचे साहेब यायचेत," ती म्हणाली, "कुठल्याही क्षणी येतील. आजचा दिवस... तू घरी जाऊन पड ना. उद्या ये, निवांत ये." तिने पाण्याचा ग्लास आणला. तो त्याने दारातच उभं राहून प्यायला. "बरं," तो म्हणाला. रागावला नव्हता. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढे किती वेळा वाटलं. "घरी कुठला, शेतातच जातो. दिवसाची लाईट आहे या आठवड्यात, जाळी बसवली की मोटार लावून देतो." त्याने ग्लास परत दिला. ग्लासावर चार बोटांचे मातीचे ठसे होते. तिने तो ग्लास घासायला टाकला, दुसरा पुसून टेबलावर ठेवला.

दोनच्या सुमारास तो शेतात पोचला असावा. साडेचारला शेजारच्या शेतातल्या रुपचंदने त्याला पाहिलं. फिल्टर मोकळ्या बांधावर होता. जाळी बसवलेली होती, वरचा नट अर्धा आवळलेला, पाना हाताजवळ. मोटार चालू होती आणि अर्ध्या नटातून पाण्याची एक बारीक चिळकांडी उडत होती, त्याच्यापासून हातभर लांब. बागेची सावली वीस पावलांवर होती. रुपचंद पुढे सांगायचा, अंगाला हात लावला तर चालू इंजिनाला लागल्यासारखा मागे घेतला. दवाखान्यात बर्फ, ओल्या चादरी, सलाईन, सगळं झालं. मोहिनी पोचली तेव्हा तो काहीबाही बोलत होता. त्यात एक शब्द कळेना. डॉक्टर विचारत होते, केव्हापासून उन्हात होते? काही खाल्लं होतं? पाणी प्याले होते? आणि तेव्हा लताबाई म्हणाल्या, सगळ्यांसमोर, भिंतीशी उभ्या असलेल्या दीपमालाकडे बोट करून, "हिले इचारा. रोज दीडले डबा जाते शेतात. आज हिनं डबाच नेला नही. उपाशी ठेवला माह्या पोराले. डबा घेऊन गेली असती त दिसला असता ना तो!" दीपमालाने फक्त एकदा मोहिनीकडे पाहिलं. मोहिनीने खाली पाहिलं. आईच्या त्या वाक्याला एक आडोसा होता आणि त्या आडोशाला ती जाऊन उभी राहिली. त्या क्षणापुरतीच, असं तिला वाटलं होतं. डॉक्टर गेले की सांगू. तो शुद्धीवर आला की तोच सांगेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला योगराज गेला, आणि मग ते वाक्य तिथंच राहिलं, दशक्रियेला राहिलं, वर्षश्राद्धाला राहिलं. लताबाईंनी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्या वेळा सांगितलं की असोद्यात ते आता माहितीसारखं झालं होतं. निंबाआबाच्या सुनेनं डबा नेला नाही.

हे सगळं जुनंच होतं. याच्याबरोबर राहायची तिला सवय झाली होती, दुखऱ्या दाढेमुळे एका बाजूने चावायची सवय होते तशी. अभिमनने दिलं ते नवं होतं. कोणाशी तरी फोनवर बोलले. हसले. त्या दुपारी तो कुणाशी बोलला, हे दोन वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. रुपचंद नाही, आई नाही. मग तो फोन कुणाला? दवाखान्यातल्या त्या अंधाऱ्या खोलीत, माणसांना अक्षरं वाचायला लावता लावता, तिला एकेक नाव पुसून टाकल्यावर एकच उरत होतं. दीपमालाला माहीत आहे. त्या दिवशी भिंतीपाशी, आई बोट दाखवत असताना, तिला माहीत होतं. म्हणून तिने तसं पाहिलं. मग ती गप्प का? दोन वर्षं कुणी असं गप्प बसतं? लताबाईंचा फोन परवाच येऊन गेला होता: रविवारी दीपमालाचा भाऊ किरण येतोय, तिला धरणगावला घेऊन जाईल, कायमचं. "मीच सांगलं त्याले, घेऊन जा म्हनलं. रोज तोंड पाह्यलं की मले तेच आठोते." मोहिनीने त्यावर फक्त "हं" म्हटलं होतं. पोर नाही बाळ नाही, चोवीस वर्षांची मुलगी, दुसरं घर होईल तिचं, बरंच होईल, असं हितेंद्र म्हणाला तेव्हा तिने त्यालाही "हं" म्हटलं होतं.

रविवारी ती स्कूटीनेच असोद्याला गेली. हितेंद्रला म्हणाली, "दीपमाला जातेय, भेटून येते." रेल्वे गेट ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना केळी सुरू झाली. तिने वाक्य जुळवून ठेवलं होतं. आई, त्या दिवशी तो माझ्याकडे आला होता, मी त्याला घरात घेतलं नाही. एवढंच. एका दमात म्हणायचं, खुलासा करायचा नाही, साहेबांचं नाव काढायचं नाही. आई काय करेल याचे तिने सगळे अंदाज केले होते. थोबाडीत मारेल. बोलणं टाकेल. घराचा उंबरा बंद होईल. यातलं काहीही झालं तरी ते योग्यच, असं ती स्वतःला सांगत होती, आणि त्यात तिला एक प्रकारचा हुरूपही आला होता. आपण शेवटी स्वच्छ होणार, याचा. वाटेत आपल्या शेताकडे फुटणाऱ्या रस्त्यापाशी ती थांबली. शेवरी आता दोन पुरुष उंच झाली होती. बाग दीपमालाने राखली होती. घडांना निळ्या पिशव्या चढवलेल्या दिसत होत्या, एकही चुकलेला नव्हता.

घरी ओसरीवर लताबाई तूर निवडत बसल्या होत्या. भिंतीशी दीपमालाची एक ट्रंक आणि चादरीत बांधलेलं गाठोडं. किरण सामानासाठी गाडी बघायला स्टँडवर गेला होता. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. जायच्या दिवशीही स्वयंपाक तीच करत होती. "ये," लताबाई म्हणाल्या, "बस. जेवून जाजो." मोहिनी बसली नाही. बसली असती तर तूर निवडायला लागली असती, आणि मग ते राहिलं असतं.

"आई," ती म्हणाली, "त्या दिवशी योगराज माझ्याकडे आला होता. मेहरूणला. साडेबाराला."

लताबाईंचे हात सुपात थांबले. आतला थापण्याचा आवाजही थांबला. मोहिनी पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडणार, तोच दीपमाला पिठाच्या हातांनी दारात आली.

"माले माहीत शे," ती म्हणाली. मग सासूकडे पाहून, हळू, "आत्या, त्यास्ना फोन उना व्हता माले. सव्वा वाजता. म्हनेत, अक्काकडे जेवनू, पोट तट्ट भरनं, तू डबा आनू नको, उन्हात निघू नको. म्हनीसन मी डबा नही लई गऊ."

मोहिनीला प्रथम ते कळलंच नाही. मग कळलं. तीन मजले खाली, जिन्यात बसून, त्याने फोन लावला होता, आणि हसून सांगितलं होतं, जेवलो. तिची लाज राखायला सांगितलं होतं, की बायकोला उन्हातून वाचवायला, की दोन्ही? आणि या मुलीने ते खरं मानलं होतं.

"मंग बोलली काहाले नही तू?" लताबाईंचा आवाज फाटला होता. "दोन वर्सं मी तुले गावभर... तुले तोंड नव्हतं का पोरी?"

दीपमाला उंबऱ्यावर बसली. पिठाचे हात तिने गुडघ्यांवर उपडे ठेवले. "काय बोलू? ताईकडथून निंघनात आनि मरनात, आसं सांगू? तुम्ही ताईस्ले उभं करतात का मंग दारात? आत्या, तुम्हले एकच लेकरू उरनं व्हतं. ते बी तुटी जातं. माले काय, मी परकीच शे. बोलनं खाई लिधं."

लताबाईंनी सूप बाजूला सारलं. त्या उठल्या नाहीत, बसल्या जागेवरूनच सरकत भिंतीपर्यंत गेल्या आणि ते चादरीतलं गाठोडं ओढून त्यांनी मांडीशी घेतलं, त्यावर दोन्ही हात ठेवले. "किरणले सांगा परत जा म्हना," त्या म्हणाल्या, कुणाकडेही न बघता. "नही येत ती."

"ते मी पाहसू," दीपमाला शांतपणे म्हणाली. "चैत महिनालोंग बाग काढानी शे. मंग मनं मी ठरावसू." आणि मग ती मोहिनीकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मोहिनीने तो शोधला, तो तिला हवा होता. पण दीपमालाच्या चेहऱ्यावर होती ती एक उत्सुकता, फार दिवस आवरून धरलेली, आता विचारायला हरकत नाही अशी. "ताई, माले एक इचारनं व्हतं. दोन वरीस झाये इचारता नही उनं. काय करेल व्हतं तुम्ही त्या दिनले?"

"म्हणजे?"

"जेवाले. काय जेवनात त्या? मी रोज म्हनस मनले, गयात ते गयात, भरेल पोटे गयात, बहिनना हातनं जेवी गयात. तेवढंच शे मना जवळ. पन काय जेवनात ते माले माहीत नही."

मोहिनीने जुळवून आणलेलं वाक्य तिच्या तोंडात होतं. मी त्याला घरात घेतलं नाही. तो उपाशी होता. ते वाक्य खरं होतं, दोन वर्षं तिने ते वाहिलं होतं, आणि आज ते खाली ठेवायला ती आली होती. ते ठेवायचं तर या मुलीच्या पुढ्यात ठेवावं लागणार होतं. मग आपण हलके होऊन स्कूटीला किल्ली लावू, आणि ही इथं उंबऱ्यावर बसून राहील, आणि उद्यापासून तिच्याजवळ तेवढंही असणार नाही. ओसरीबाहेर उन्हात एक कोंबडी माती उकरत होती. आई गाठोड्यावर हात ठेवून वाट बघत होती. मोहिनीला जाणवलं की आपण रडायला हवं, आणि रडू येत नाही, आणि आता रडणंसुद्धा चालणार नाही.

"रस केला होता," ती म्हणाली.

"आंबाना?"

"हो. रस, पोळ्या, कुरडया तळल्या होत्या. शेवेची भाजी." साहेब आणि त्यांची बायको जे जेवले ते ती सांगत होती. एकेक पदार्थ जिभेवर जड होत होता. "भाजी तिखट झाली होती जरा."

"त्याले तिखटच लागे," लताबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "रस किती खाल्ला?"

"दोन वाट्या. तिसरी नको म्हणत होता, मी बळेच वाढली."

दीपमाला मान हलवत होती. हं, हं, असा तिचा ओठांत आवाज येत होता, लहान मूल गोष्ट ऐकताना करतं तसा. "पोया किती?"

"चार. नाही, पाच."

"पाच खातस त्या, रस राहिना म्हंजे," दीपमाला म्हणाली. तिला ते पटलं होतं, तिच्या हिशेबी ते बरोबर होतं. तिने पिठाच्या मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले. चेहरा सैल झाला होता, चोवीस वर्षांच्या मुलीचा झाला होता. "आनि जेवनवर घडीभर आडवा पडनात का? त्यास्ले सवय व्हती."

"हो," मोहिनी म्हणाली. "पुढच्या खोलीत. पंख्याखाली, खाली फरशीवरच झोपला. म्हणाला गार लागतंय."

"लागनी व्हई झोप?"

"लागली. चांगली लागली. घोरत होता."

दीपमाला हसली. हसता हसता तिने डोळे मिटले आणि तशीच चौकटीला डोकं टेकून बसली. आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येऊ लागला. कुणी उठलं नाही. लताबाई मोहिनीकडे बघत होत्या. त्यांची नजर म्हातारी होती, पण शेतात चाळीस मे महिने काढलेल्या बाईची होती. दीड वाजताचं ऊन कसं असतं आणि जेवून झोपलेला माणूस आपण होऊन त्यात उठून जात नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"मंग उठवलं कोनी त्याले?" लताबाईंनी विचारलं.

"मी," मोहिनी म्हणाली.